सागाचा दस्ता, मॅग्नम स्प्रिंग आणि नववीतली नेमबाज

वणी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका शेतकरी वाचकाचं पत्र :

“माझी मुलगी नववीत आहे. शाळेतून एअर रायफल ओपन साइटमध्ये जिल्ह्याला खेळली, विभागापर्यंत गेली. घरची रायफल साधी आहे, नळी मोडून छर्रा भरायची, तेरा हजारांत घेतलेली. ओळखीतला एक मिस्त्री म्हणते का नवी घेण्यापेक्षा हीच ‘कस्टम’ करून देतो. त्याचा हिशोब असा : सागाचा नवा दस्ता १६,०००, मॅग्नम स्प्रिंग आणि सील ४,५००, ३-९×४० चा स्कोप ८,५००, नळीच्या तोंडावर वजन ३,०००, ट्रिगर घासून हलका करणे २,५००, मजुरी ३,५००. सगळे मिळून ३८,०००. पोरगी व्हिडिओ पाहून हरखली आहे. कापसाचे पैसे हातात आहेत, पण उरलेत तेवढेच. यात घालावे का, की थांबून मॅचची रायफल घ्यावी? आणखी एक. बाबांच्या नावावर पीक संरक्षणाची बारा बोअर आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) तूर हाती लागू देत नाहीत. मिस्त्री म्हणते, सहा इंच नळी कापली का जागलीला हलकी होईल. करावं का?”

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात विचार करायला जागाच नाही. बारा बोअरला हात लावू देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो. बाबांचं बाळगायचं लायसन त्यासाठी चालत नाही. दुरुस्ती आणि फेरफाराचं काम कलम ५ खालचा परवाना असलेल्यानेच करायचं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या दोन्हींची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. मिस्त्रीकडे तसा परवाना नसेल तर अडकणारा तो एकटा नसेल, लायसनवर नाव बाबांचं आहे. आणि कापून मिळणार काय? छरे एकत्र ठेवणारा नळीचा अरुंद भाग, म्हणजे चोक, नळीच्या तोंडाशीच असतो. सहा इंच गेले की तोही गेला, आणि छरे वीस पावलांवरच पांगतात. बंदूक खरंच बिघडली असेल तर परवानाधारक दुकानात न्यावी. बाबांना जाणं जमत नसेल तर त्यांचं लेखी अधिकारपत्र खिशात ठेवून तुम्ही दुरुस्तीसाठी नेऊ शकता, कायद्यात ती सोय आहे. रानडुक्कर किंवा रोही मारायची परवानगी मात्र पीक संरक्षणाच्या लायसनमध्ये येत नाही. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते.

व्हिडिओंचा घोळही इथेच होतो. अमेरिकेतला माणूस ॲक्शन (गोळी भरायची-झाडायची यंत्रणा) एका कंपनीची, नळी दुसऱ्या कंपनीची, दस्ता तिसरीचा असं आणून टेबलावर रायफल जोडतो. आपल्याकडे शस्त्राचे सुटे भागही कायद्याने शस्त्रच आहेत, त्यामुळे तो छंद इथे उचलून आणता येत नाही. पॅरिसला २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. ती पॉइंट टू टू ची रायफल, म्हणजे लायसनचं हत्यार. मुलीचा खेळ १० मीटर एअर रायफलचा. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला लायसन लागत नाही. तुम्हाला काही करायला मोकळीक आहे ती एवढ्याच चौकटीत.

आता मिस्त्रीचा हिशोब एकेक ओळ घेऊन बघू.

मॅग्नम स्प्रिंग. ऊर्जा काढायला छर्ऱ्याचं वजन किलोग्रॅममध्ये घ्या, वेगाच्या वर्गाने गुणा आणि दोनने भागा. मॅचचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. मॅचची रायफल तो सेकंदाला १७० ते १७५ मीटरने सोडते, म्हणजे जेमतेम ८ ज्यूल. हाच छर्रा २७५ मीटरने गेला की २० ज्यूलची रेघ ओलांडली, आणि घरातलं खेळाचं सामान बिनपरवाना शस्त्र झालं. ऑलिंपिकचं सोनं ८ ज्यूलवर मिळतं, हे मिस्त्रीला एकदा सांगून बघा. १७२ मीटरने जाणारा छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत साधारण पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो, पण प्रत्येक वेळी तेवढाच येतो. साइट एकदा लावली की प्रश्न मिटला. जाड स्प्रिंगने मात्र धक्का वाढतो, आणि स्प्रिंगच्या रायफलीत हा धक्का छर्रा नळीत असतानाच लागतो. पिस्टन आधी धावतो, छर्रा मागून सुटतो. त्यामुळे धरण्यातला जरासा फरकही कागदावर दिसतो. शिवाय नळी मोडायला जोर जास्त लागणार. नववीतल्या पोरीने ६० वेळा नळी मोडायची आणि मग हात स्थिर ठेवायचा, हे बसत नाही.

स्कोप. १० मीटर एअर रायफलमध्ये स्कोप, म्हणजे दुर्बीण, चालतच नाही, ओपन साइटमध्येही (मागे उघडी खाच) नाही आणि पीप साइटमध्येही (मागे बारीक भोक) नाही. तिथेच ८,५०० वाचले. शेतावर डबे पाडायलाच घ्यायचा म्हटलं तरी ३-९×४० चे बहुतेक स्कोप १०० यार्डांवर जुळवलेले असतात, १० मीटरवर चित्र धुरकट दिसतं. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. साधा स्कोप त्याने आतून खिळखिळा होतो.

याच संदर्भात एक गोष्ट मिस्त्रीने सांगितलेली दिसत नाही. नळी मोडायच्या रायफलीत पुढची माशी आणि मागची साइट अशा दोन्ही बहुधा नळीवरच असतात. बिजागरी किंचित खेळली तरी साइट आणि नळी एकत्रच हलतात, म्हणून नेम फारसा बिघडत नाही. साइट मागे सिलिंडरवर (पिस्टन धावतो त्या नळकांड्यावर) नेली की बिजागरीचा सगळा ढिलेपणा थेट गुणांमध्ये उतरतो. स्वस्त रायफलीवर पीप साइट बसवून फसगत होते ती यामुळेच.

ट्रिगर घासणे ही सगळ्यांत धोक्याची ओळ आहे, आणि दरात ती सगळ्यांत स्वस्त. पिस्टनला अडवून धरणारा खटका वरवर कडक केलेला असतो. तो थर नखापेक्षाही पातळ असतो. मिस्त्रीने कानस मारली की ओढ हलकी लागते, दुकानातच पोरगी खूश होते. पुढच्या काही शेकड्यांत मऊ लोखंड झिजतं आणि खटका कुठल्याही क्षणी निसटू लागतो. आता चित्र डोळ्यांसमोर आणा : नळी मोडलेली, स्प्रिंग ताणलेली, मुलीचा अंगठा छर्रा दाबायला नळीच्या मागच्या टोकाशी. खटका सुटला तर नळी वर झेपावते आणि अंगठा नळी आणि सिलिंडरच्या मध्ये सापडतो. ट्रिगर घासलेला असो वा नसो, छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेलीच पाहिजे. ही सवय तिला आज संध्याकाळीच लावा. ओढ कमी करायची तर रायफलीला कंपनीने दिलेला स्क्रू असेल तेवढाच फिरवायचा, एका वेळी पाव फेरा. नंतर रिकामी नळी बंद करून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, दस्त्याला तळहाताने थापट्या मारून बघा. खटका सुटला तर स्क्रू परत.

तोंडावरचं वजन. मॅचच्या रायफलीला जास्तीत जास्त ५.५ किलोची मुभा आहे, म्हणून पोरं वजन टांगत सुटतात. मोठा नेमबाज कोपर कमरेवर टेकवून तेवढं पेलतो. चौदा वर्षांच्या खांद्याला विसाव्या छर्ऱ्यानंतर ते ओझं होतं, नळीचं तोंड खाली जातं आणि ती पाठ मागे ताणून भरपाई करते. ओळ खोडा.

तर ३८,००० पैकी दस्ता सोडून सगळं गेलं. मजुरीही गेलीच.

याउलट ज्याने गुण खरंच वाढतात ते काम फुटकळ वाटतं, त्यामुळे कोणी करत नाही. आंतरराष्ट्रीय १० मीटरच्या कागदावर दहाचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो आणि त्यानंतर प्रत्येक वर्तुळ २.५ मिलिमीटर बाहेर. तिच्या रायफलीवर दोन्ही साइटमधलं अंतर ४० सेंटिमीटर धरलं, तर मागची साइट ०.१ मिलिमीटर हलल्याने छर्रा २.५ मिलिमीटर सरकतो. पोस्टकार्डाच्या निम्म्या जाडीएवढा ढिलेपणा म्हणजे एक गुण. तेव्हा मागच्या साइटला बोट लावून आधी डावीकडे-उजवीकडे ढकला. टिकटिक जाणवली तर तिचे स्क्रू आवळा.

मग दस्त्याचे स्क्रू बघा. बहुतेक रायफलींना पुढे दोन आणि ट्रिगर गार्डशी एक किंवा दोन असतात. स्प्रिंगच्या हादऱ्याने ते सुटत राहतात. पाना न लावताच कळावं म्हणून स्क्रूच्या डोक्यावरून लाकडावर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. दर शंभर छर्ऱ्यांनी नजर टाकायची. निळं थ्रेड लॉकर मिळालं तर आट्यावर एक थेंब पुरे. लाल आणू नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

नळी जिथे बसते तिथलं सील तपासायला टिशू पेपरची पट्टी त्या सांध्यावर ठेवा आणि छर्रा घालून झाडा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळते आहे. रबरी रिंग काही रुपयांची असते, ती बदलली की पुष्कळदा ‘कमजोर झालेली’ रायफल पूर्ववत होते. तेल मात्र घालू नका. शिवणयंत्राचं तेल, खोबरेल, काहीही नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं तेल दाबाखाली पेटतं. धूर, जळका वास आणि मोठा आवाज आला की पोरांना रायफल जोरात चालते आहे असं वाटतं. त्या वेळी आत सील जळत असतं आणि स्प्रिंग मोडायच्या वाटेवर असते. छर्रा न घालता झाडणंही तितकंच वाईट, कारण पिस्टनला अडवायला समोर हवेची गादीच उरत नाही.

छर्ऱ्यांची परीक्षा राहिली. चपट्या तोंडाचे मॅचचे छर्रे चार-पाच प्रकारचे आणा, शक्य असेल तर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० आणि ४.५१ असा वेगवेगळा. टेबलावर घडी केलेली सतरंजी, त्यावर तळहात, तळहातावर दस्ता. टणक आधारावर स्प्रिंग रायफल ठेवली तर ती उडून वेगळीच मारते. नव्या प्रकाराचे पहिले १० छर्रे मोजायचे नाहीत, पुढचे १० एका कागदावर. दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उत्तर १० मिलिमीटरच्या आत आलं तर रायफल तिच्या आजच्या खेळाला पुरेशी आहे, तिला काहीही करायची गरज नाही. सगळ्याच प्रकारांनी २० च्या वर आलं तर आधी स्क्रू, मग सील, मग नळीचं तोंड बघा. तोंडाच्या आतल्या कडेला खरचटलेलं असेल तर दुकानदाराकडून नळी बदलून घ्या. छर्रे बघताना मागचा घेर दबलेला असेल तो बाजूला काढा. शेतावरच्या मोटारसायकलच्या डिक्कीतून आलेल्या डब्यात असे बरेच निघतात.

आठवड्याला चार दिवस ६० छर्रे म्हणजे २४०. एक डबा ५०० चा. वर्षाला साधारण २५ डबे लागतील. मिस्त्रीला द्यायच्या पैशातला मोठा हिस्सा इथे जाऊ द्या, उरलेला कोचकडे महिन्यातून दोनदा जायच्या भाड्याला. सराव कापसाच्या खोलीत करणार असाल तर कापूस निघून गेल्यावरच. निशाणाचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर, मागे रबराचे तुकडे दाबून भरलेली लाकडी पेटी. उभा सपाट पत्रा लावला तर छर्रा उलटून डोळ्याकडे येतो. डोळ्याला चष्मा हवाच, आणि शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात नाही.

मॅचच्या रायफलीबद्दल. परदेशी नवी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. टीव्हीवर ती ‘कस्टम’ वाटते, पण ती कारखान्यातूनच तशी येते : गालाची पट्टी, खांद्याची प्लेट, मुठीचा कोन, सगळं सरकवता येतं. ती माणसाच्या मापाला जुळवतात, घडवत नाहीत. मुलगी पीप साइटला जायची तेव्हा वापरलेली बघा. ती स्प्रिंगवर नाही, सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालते. त्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचायची. मॅचच्या सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून साधारण दहा वर्षांचं धरतात, मुदत संपलेलं घेऊन स्पर्धेला उभं राहता येत नाही. सिलिंडर २०० बारला भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा उतरला असेल तर गळती आहे. आणि ती हवा वणीत कुठे भरणार, हे ठरवल्याशिवाय बयाणा देऊ नका. हातपंपाने भरता येते, पण पावसाळ्यातली ओल सोबत आत जाते.

आता दस्ता. मिस्त्रीच्या यादीतली ही एकच ओळ आम्हाला आवडली, फक्त तिची वेळ चुकली आहे. आज तिला नवा दस्ता नको, आहे तो आखूड हवा. मोठ्या माणसाच्या मापाच्या दस्त्यामुळे तिची मान पुढे ओढली जाते आणि ट्रिगरवर बोटाचं टोक कसंबसं पोचतं. उभ्या पवित्र्यात, अंगावर स्पर्धेचे कपडे असताना कोचकडून माप घ्या. दोन-तीन सेंटिमीटर जास्त निघेल. कापायच्या रेषेवर कागदी टेप चिकटवून बारीक दातांच्या करवतीने दस्त्याचं टोक कापा म्हणजे कपची उडणार नाही. कापलेला तुकडा फेकू नका. त्याच्या एकेक सेंटिमीटरच्या चकत्या करा, त्यांना स्क्रूची भोकं पाडून ठेवा. ती वाढेल तशी एकेक चकती रबरी पॅडखाली परत घाला. (कापायचा तो दस्ता, नळी नव्हे. एअर रायफलीचीसुद्धा नाही.)

सागाचा नवा दस्ता हा खर्च नसून हौस आहे, हे मान्य करून करा. रायफलीला जगभर अक्रोड वापरतात, पण वाळलेला साग हलत नाही आणि तुमच्या हाताशी आहे. ज्या बल्लारशाहच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिराच्या दारांना लाकूड गेलं तो वणीपासून लांब नाही. डेपोचा किंवा वखारीचा, पावती असलेलाच माल घ्या. फळी ९० × १८ × ५.५ सेंटिमीटरची लागते. अशी वाळलेली फळी जवळपास पावणेसहा किलोची भरते, आणि त्यातून दीड किलोचा दस्ता निघतो. बाकीचा भुसा आणि ढलप्या. निवडताना फक्त मूठ जिथे येते ती बारीक मान बघा. तिथे रेषा लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत. आडव्या निघाल्या तर हातातून एकदा पडला की मानेतच मोडणार. बैलगाडीची धुरा आणि वखराची दांडी पाहणाऱ्या गावच्या सुताराला हे सांगावं लागत नाही, मिस्त्रीला लागेल. काम सुतारालाच द्या.

खोदकाम झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या भोकात ॲल्युमिनियमची नळकांडी बसवा, म्हणजे आवळताना लोखंड लाकडाला न दाबता ॲल्युमिनियमवर बसेल. मे महिन्यात ४५ अंशांत आक्रसलेलं आणि ऑगस्टमध्ये फुगलेलं लाकूड स्क्रूचा ताण बदलतं, आणि बाप-लेक दोघं साइट फिरवत बसतात. नळकांडी इपॉक्सीने चिकटवायच्या आधी भोक थिनरने पुसा. सागात तेल असतं, त्यावर इपॉक्सी धरत नाही. सिलिंडरला आधी मेणाचा हात फिरवा, नाहीतर रायफल कायमची दस्त्यात चिकटेल. शेवटी आतून-बाहेरून पॉलिश. आतली बाजू सगळे विसरतात, आणि ओल तिथूनच शिरते.

फळी मात्र आत्ताच घेऊन ठेवा. दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, खाली पट्ट्या देऊन सावलीत आडवी ठेवा, पत्र्याखाली नको. इंचाला एक वर्ष धरलं तर दोन वर्षं जातील. तेव्हा मुलगी अकरावीत असेल, चकत्या सगळ्या परत बसलेल्या असतील, आणि दस्ता कोणत्या मापाचा करायचा हे सुताराला तीच सांगेल.